लाडूचे खाते आणि मोतीचे शेपूट

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. डोळा लागतो न लागतो तोच उशाशी ठेवलेल्या मोबाइलने ‘टिंग’ केलं. या वयात दुपारची टिंग एकतर वाईट बातमीची असते, नाहीतर घरबसल्या कर्ज घ्या म्हणणाऱ्याची. चष्मा शोधून पाहिलं, तर पडद्यावर अक्षरं उमटली होती : लाडू तुम्हाला फॉलो करू लागला आहे.

मी ताडकन उठून बसलो. लाडू म्हणजे आमच्या चिरंजीवांकडचा कुत्रा. वय वर्षे दोन. मुक्काम ठाणे, घोडबंदर रोड, मजला सतरावा. कुळाबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. आमच्या नातीने त्याला कासारवडवलीच्या नाक्यावरून भर पावसात क्लासच्या सॅकमध्ये घालून आणलं, तेवढाच त्याचा पूर्वेतिहास उपलब्ध आहे. आता हा मला फॉलो करणार म्हणजे नेमकं काय करणार? तसा तो आमच्या नौपाड्याच्या घरी आला की मला फॉलो करतोच. पण त्या वेळी माझ्या हातात बिस्किटाचा पुडा असतो.

नातीला फोन लावला. ती म्हणाली, “आजोबा, लाडूचं अकाउंट उघडलंय! तुम्ही त्याला फॉलो बॅक करा ना!”

“अगं, पण त्याला काय करायचंय अकाउंट?”

“तुम्हाला काय करायचं होतं, आजोबा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेली सहा वर्षं माझंही खातं आहे आणि त्यावर मी आजवर एकंदर चार फोटो टाकले आहेत. त्यातला एक चुकून छताचा आहे.

संध्याकाळी सौ.ला घेऊन घोडबंदरला गेलो, तेव्हा खात्याची कागदपत्रं पाहायला मिळाली. नाव : लाडू. आवडी : भाकरीचा पापुद्रा, सोफ्याचा डावा कोपरा, लिफ्टमधली माणसं. नावडी : फटाके, आंघोळ आणि तिसऱ्या मजल्यावरची मांजर. माझं लग्न जमवताना वधुवर सूचक मंडळाच्या फॉर्मात माझ्याविषयी एवढी माहिती कोणी मागितली नव्हती. उंची, पगार आणि ‘स्वतःचा ब्लॉक आहे काय’, एवढ्यावर माझा परिचय आटोपला होता. जन्मतारीख म्हणून नातीने लाडूला घरी आणल्याचा दिवस घातला होता. आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तर सरसकट १ जून लिहून मोकळे होत. त्या मानाने लाडूची जन्मतारीख माझ्यापेक्षा अधिक विश्वसनीय म्हणावी लागेल.

या खात्यांना म्हणे वयाची तेरा वर्षं पुरी व्हावी लागतात. कुत्र्याचं अवघं आयुष्यच बारा-चौदा वर्षांचं. तेव्हा कायद्याने सज्ञान होईपर्यंत बिचाऱ्याला दिसेनासं झालेलं असायचं. म्हणून खाली खुलासा जोडला होता : ‘हे खातं लाडूची आई चालवते.’ लाडूची आई म्हणजे आमची नात, वय वर्षे सोळा. या नात्याने मी बसल्या जागी पणजोबा झालो. सौ. म्हणाली, “चला, पणतू बघून झाला. आता सोन्याची फुलं उधळायची तेवढी राहिली.”

गाडी अडली होती ती ‘परिचय’ या रकान्यापाशी. “आजोबा, मराठीत दोन ओळी लिहून द्या ना. तुम्हाला इतिहासाची आवड आहे,” नात म्हणाली.

मी ठामपणे सांगितलं, की कुत्र्यामांजरांचे परिचय लिहिण्याचं खूळ या आजच्या जमान्याचं आहे, आपल्या थोर इतिहासात असला पोरकटपणा कोणी केलेला नाही, आणि हे मी सप्रमाण सिद्ध करून दाखवीन. घरी येऊन कपाटातली पुस्तकं खाली काढली. इतिहासाची एक वाईट खोड आहे. आपण त्याला आपला साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करावं, तर तो हमखास उलटतो.

महाभारतच घ्या. अठरा पर्वांचा तो प्रचंड पसारा, पण त्याच्या आरंभी कुत्रा आहे आणि शेवटीही कुत्राच आहे. आरंभी सरमा नावाच्या देवांच्या कुत्रीचं पिल्लू जनमेजयाच्या यज्ञात शिरतं, राजाचे भाऊ त्याला विनाकारण बदडतात आणि सरमा येऊन राजाला खडसावते. ही सरमा थेट ऋग्वेदातली. म्हणजे आपल्या वाङ्मयात नावानिशी वावरणारी कुत्री तिथपासून आहे. शेवटी धर्मराजाबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत जाणारा कुत्रा, तो मात्र अनामिक. इंद्र म्हणतो, कुत्र्याला सोड आणि रथात बस. धर्मराज म्हणतो, सोडणार नाही. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात यमधर्म निघाला हे आपल्याला ठाऊक असतं. धर्मराजाला ते ठाऊक नव्हतं. हा मुद्दा मी तेव्हा नुसता वाचला आणि पान उलटलं. पुढे तो मला नडला.

मग मराठेशाहीकडे वळलो, तर साताऱ्यालाच अडकलो. शाहू छत्रपतींनी १७०८ पासून १७४९ पर्यंत साताऱ्याच्या गादीवर राज्य केलं. या राजाला शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा नाद. एकदा शिकारीत वाघ अंगावर आला असता लाडक्या कुत्र्याने महाराजांना वाचवलं. महाराजांनी काय करावं? कुत्र्याच्या नावे रीतसर सनद काढली, त्याला जहागीर लावून दिली आणि वर पालखीचा मान दिला! ग्रँट डफने १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात हे लिहून ठेवलं आहे. तोच पुढे सांगतो, की एकदा एका बड्या सरदाराच्या भेटीच्या वेळी महाराजांनी भर दरबारात या कुत्र्याला जरीची वस्त्रं आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, आणि त्यानंतर स्वतःच्या मस्तकावर काही घातलं नाही. ग्रँट डफ पडला साहेब. त्याने याला राजाचं चळ म्हटलं. मला विचाराल, तर नटूनथटून मिरवणाऱ्या सरदाराला याहून सभ्य भाषेत चिमटा काढता येणार नाही.

आता मला सांगा, सनद म्हणजे दुसरं काय? अमुक नावाचा, अमुक पराक्रमाचा प्राणी आमचा आहे, तरी सर्वांनी त्याला ओळखावं आणि मान द्यावा, हे जाहीर करणारा कागद. नातीच्या खात्यावरची ती निळी खूण मिळायला लोक धडपडतात म्हणे. शाहू महाराजांच्या कुत्र्याला थेट छत्रपतींची मोर्तब मिळाली होती! सातारजवळ संगम माहुलीला कृष्णाकाठी त्याची समाधी दाखवतात. त्याचं नाव सांगतात खंड्या. सनद खंड्याला वाचता येत नव्हती, हा भाग वेगळा. लाडूलाही येत नाही.

वाघ्याचं तर विचारूच नका. रायगडावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ उंच चौथऱ्यावर त्याचा पुतळा उभा राहिला १९३६ साली. होळकरांच्या देणगीचा त्याला हातभार होता. महाराजांच्या चितेत उडी घेणारा हा स्वामिनिष्ठ कुत्रा आपल्या सगळ्यांच्या मनात पक्का बसला आहे. राम गणेश गडकऱ्यांनी त्याला ‘राजसंन्यास’मध्ये आणलं. पण शिवकालीन कागदपत्रांत त्याचा पुरावा सापडत नाही, असं इतिहासाचे जाणकार सांगतात. २०१२ साली तो पुतळा काहींनी रातोरात हलवला, तो परत बसवावा लागला, आणि २०२५ साली पुन्हा तोच वाद पेटला. आम्ही या भानगडीत पडत नाही. एवढंच म्हणतो, की खंड्याला पुरावा आहे पण त्याला फारसं कोणी ओळखत नाही. वाघ्याचा पुरावा मिळत नाही आणि त्याला पोरंटोरं ओळखतात. प्रसिद्धीचं हे शास्त्र मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी तयार होतं.

मग आला इंग्रज. त्याने प्रत्येक गोष्ट खात्यात घातली, तशी कुत्रीही घातली. मुंबईत १८३२ च्या जूनमध्ये सरकारने भटकी कुत्री मारण्याची मोहीम जोरात चालवली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी खवळून उठले. बाजार बंद झाला, गोऱ्या सैनिकांकडे जाणारा पाव आणि पाणी अडवलं गेलं, चक्क दंगल झाली. कुत्र्यांसाठी झालेली ही दंगल मुंबईच्या पहिल्या दंगलींपैकी एक. पुढे कुत्र्यांचे परवाने आले, गळ्यातले बिल्ले आले. ज्याच्या गळ्यात बिल्ला तो कोणाचा तरी, ज्याच्या गळ्यात नाही तो गाडीत! रेल्वेच्या हिशेबी तर कुत्रा म्हणजे सामान. त्याचं वजन करून पावती फाडायची. आणि गंमत पाहा, १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली गाडी आली तिच्या तीन इंजिनांना मात्र साहिब, सिंध आणि सुलतान अशी ऐटबाज नावं होती. वर्षभराने, १८५४ साली, ही आगगाडी कल्याणपर्यंत गेली. म्हणजे आमच्या डोंबिवलीवरून शिट्ट्या मारत नाव असलेली इंजिनं धावली, आणि खाली रुळांकडेला भुंकणाऱ्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

‘आमच्या डोंबिवलीवरून’ असं मी लिहून गेलो आणि हात थांबला. कारण त्या रुळांकडेला भुंकणाऱ्यांत एक आमचा मोती होता.

साठच्या दशकातली डोंबिवली. विहिरीचं पाणी, बैठ्या चाळी, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. वडील सकाळच्या लोकलने मुंबईला हपिसात जात, ते दिवेलागणीला परत येत. मोती आमचा म्हणजे चाळीचा. पण निजायचा आमच्या ओट्यावर, म्हणून आम्ही आपला आमचा म्हणायचो. गळ्यात बिल्ला नाही की पट्टा नाही. रंग, मळका. संध्याकाळी तो वडिलांना आणायला अर्ध्या वाटेपर्यंत जायचा आणि त्यांच्या पुढे पुढे चालत यायचा. मी शाळेत जाताना निघाला, तर वाटेतल्या पिठाच्या गिरणीपर्यंत सोबत, पुढे नाही. गिरणीपलीकडे दुसऱ्या कुत्र्यांचं राज्य होतं आणि मोती मुळीच शूर नव्हता. त्याने कोणाला वाघापासून वाचवलं नाही. एकदा चोर आला तेव्हा तो झोपला होता.

१९६७ साली वडिलांनी ठाण्याला ब्लॉक घेतला. जागा ठरवतानाच घरमालकाने सांगितलं होतं, कुत्रं-मांजर चालणार नाही. वडील आम्हांला म्हणाले, “त्याला काय, चाळ आहे ना.” कोणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. ब्लॉकमध्ये संडास घरात होता. बारा वर्षांच्या मुलाला त्या गोष्टीचं काय अप्रूप असतं, हे ज्यांनी पावसाळ्यात हातात डबडं घेऊन रांग लावली आहे त्यांनाच कळेल. इंद्र धर्मराजाला म्हणाला होता, कुत्र्याला सोड आणि रथात बस. आम्हांला तर रथही नव्हता, साधा टांगा होता. आम्ही बसलो.

मोती टांग्यामागे धावत आला. शिबुया स्टेशनवर मेलेल्या मालकाची वर्षानुवर्षं वाट पाहणारा तो जपानचा हाचिको, त्याचा पुतळा १९३४ साली तो जिवंत असतानाच उभारला. मोतीही तसाच डोंबिवली स्टेशनवर बसून राहिला, असं लिहिण्याचा मोह मला होतो. पण तसं काही झालं नाही. तो पिठाच्या गिरणीपर्यंत आला आणि थांबला. पंधरवड्याने आई काही राहिलेलं सामान आणायला गेली, तेव्हा मी मुद्दाम बरोबर गेलो. मोती शेजारच्या बिऱ्हाडाच्या दारात बसला होता. त्यांनी त्याचं नाव ‘राजा’ ठेवलं होतं, आणि तो ‘राजा’ म्हटलं की कान टवकारत होता. मी “मोती!” म्हणून हाक मारली. तो आला. माझे पाय हुंगले, शेपूट हलवली, आणि मग शेजारच्या काकूंनी हाक मारली तशी परत जाऊन बसला. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं मला ठाण्याच्या गाडीत वाटलं. पुढे डोंबिवलीला जाणं कमी झालं. मोतीचं काय झालं मला माहीत नाही.

असो. सांगत होतो इतिहास.

आपल्या भागात पुढे काही प्राण्यांची नावं खरोखरच सरकारदरबारी लागली. १९९३ च्या मार्चमधल्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांचा ‘जंजीर’ हा लॅब्रॅडॉर मुंबई, मुंब्रा आणि ठाण्यात स्फोटकं हुंगत फिरला. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्सची नोंद सांगतात. तो २००० साली वारला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. त्याच्यावर पुष्पचक्र वाहतानाचा फोटो अजून लोकांच्या मोबाइलवरून फिरत असतो. आणि दुसरे, आमचे नामबंधू ‘आजोबा’. हा बिबट्या २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडला. संशोधकांनी त्याच्या गळ्यात कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात सोडला, तर हा पठ्ठ्या महिन्याभरात सुमारे १२० किलोमीटर चालत, कसाऱ्याची रेल्वे ओलांडत, वसईची खाडी पोहत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात दाखल! वयाने पोक्त आणि स्वभावाने शांत, म्हणून नाव आजोबा. २०११ च्या डिसेंबरात हमरस्ता ओलांडताना तो वाहनाखाली गेला आणि अंगातल्या चिपवरून त्याची ओळख पटली. २०१४ साली त्याच्यावर मराठी सिनेमा निघाला. नातीला मी एकदा म्हटलं, “बघ तरी, आजोबांविषयी तुझ्या त्या इंटरनेटवर काय सापडतं!” तिने शोधलं, तर बिबट्याच निघाला.

इंटरनेटवरची कुत्र्यांची खातीही आता ऐतिहासिक झाली आहेत. १९९३ साली एका अमेरिकन साप्ताहिकात व्यंगचित्र आलं होतं. कॉम्प्युटरपुढे बसलेला कुत्रा दुसऱ्या कुत्र्याला सांगतो, की इथे आपण कुत्रे आहोत हे कोणाला कळत नाही. पुढे अकरा वर्षांत कुत्र्यांनी उघडउघड कुत्रा म्हणूनच यावं, अशी सोय झाली. २००४ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोत ‘डॉगस्टर’ निघालं. तिथे कुत्र्याच्या नावे पान उघडायचं. माणसांचं फेसबुक त्यानंतर महिन्याने निघालं, हे मी नातीला सांगितलं नाही. ती उगीच शेफारली असती. फेसबुकवर ‘बू’ नावाच्या पॉमेरेनियनचे चाहते दीड कोटीच्या वर गेले होते. आणि ज्या इन्स्टाग्रामवर आमचा लाडू अवतरला आहे, त्याच्यावरच्या अगदी पहिल्यावहिल्या फोटोंपैकी एक, १६ जुलै २०१० चा, कुत्र्याचाच आहे. इन्स्टाग्रामच्या जनकाने मेक्सिकोतल्या एका खाण्याच्या गाडीपाशी तो काढला. फोटोत एक कुत्रा आणि मैत्रिणीचा पाय. कुत्रा कोणाचा, त्याचं नाव काय, हे त्याने विचारलं नाही. यानंतर कोट्यवधी लोक आपापल्या कुत्र्यांची नावं जगाला ओरडून सांगणार आहेत, याची त्याला काय कल्पना!

मात्र या सनदांना दगडाची बळकटी नाही. ऑर्कुटवर आपल्याकडे केवढी गर्दी होती. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं, आणि ज्यांनी हौसेने तिथे पॉमेरेनियनचे फोटो लावले होते त्यांचे पॉमेरेनियन एका रात्रीत बेघर झाले. खंड्या अजून माहुलीला आहे.

हे सगळं टिपण घेऊन मी पुढच्या रविवारी घोडबंदरला गेलो. नातीला प्रामाणिकपणे सांगितलं, की मी खटला हरलो. तुझं खूळ तीनशे वर्षांचं जुनं आणि राजमान्य आहे. खंड्याची सनद ऐकून ती खूश झाली. लाडूला पगडी घालून उपवनच्या तळ्यावर फोटो काढायचं तिथल्या तिथे ठरलं. मग ती म्हणाली, “आजोबा, तुमच्याकडे नव्हता का कुत्रा?”

“होता. मोती.”

“फोटो?”

फोटो एक आहे. चाळ सोडण्याआधी वडिलांनी फोटोग्राफर बोलावला होता. सगळं बिऱ्हाड ओट्यावर ओळीने बसलं. काळ्या बुरख्याखालून फोटोग्राफर ओरडला, “कुत्र्याला बाजूला घ्या, ते हलतंय!” मी मोतीला पायाने बाजूला सारलं. त्यामुळे फोटोत अकरा माणसं आहेत, आजीच्या हातातली जपमाळ आहे, पितळेचा पाण्याचा बंब आहे, आणि उजव्या कडेला मोतीची शेपूट आहे. तीही धूसर. फोटोग्राफरचं खरं होतं. ती हलत होती.

तो फोटो आता लाडूच्या खात्यावर लागला आहे. खाली नातीने लिहिलं आहे, ‘मोतीआजोबा’. दोनशे लोकांनी बदाम पाठवले. पाच-सहा जणांनी कुत्रा कुठे आहे असं विचारलं, त्यांना तिने बाण काढून शेपूट दाखवली. मग ती माझ्याकडे कागद घेऊन आली. “लाडूचं राहू द्या, आधी याच्याबद्दल दोन ओळी लिहा.”

लाडूच्या परिचयावर मी तासभर व्याख्यान देऊ शकलो होतो. या दोन ओळींना रात्रीचे साडेअकरा वाजले. सौ. दोनदा म्हणाली, “अहो, दिवा घालवा आता.” पराक्रमाच्या रकान्यात भरायला काही नव्हतं, आणि जहागिरीच्या रकान्यात एक ओटा. शेवटी लिहिलं ते असं :

मोती ऊर्फ राजा. राहणार डोंबिवली. पत्ता आम्ही बदलला, त्याने नाही.